चंदा वसुलीलाही आखणी हवी
कुर्ल्यातील सफीर आणि वसुली करणाऱ्यांसाठी पाच वर्षांची योजना

धंदा कोणताही असो, त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. माल कोठून येतो, खर्च किती पडतो आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढते की नाही. चंदा गोळा करण्याच्या कामाकडे मात्र आपल्या समाजात या नजरेने पाहिले जात नाही. हे सवाबाचे काम आहे, एवढे म्हटले की विषय संपतो. सवाबाचे ते आहेच. पण ते मेहनतीचे आणि हिशेबाचे कामही आहे. त्यावर अनेकांची रोजी चालते आणि कितीतरी मुलांचे जेवण, पुस्तके व फी अवलंबून असते. म्हणून आजच्या लेखात आम्ही या कामाच्या आखणीविषयी लिहीत आहोत.

रमजानचा चांद दिसण्याच्या सुमारास उत्तर प्रदेश-बिहारकडून मदरशांचे सफीर मुंबईत येतात. तिकडच्या कित्येक गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरच थांबतात. तेथून कुरेशी नगर, पाईप रोड, न्यू मिल रोड, बैल बाजार, जरीमरी आणि सीएसटी रोडचा भंगार बाजार अशी त्यांची पायपीट सुरू होते. मदरशाचे शैक्षणिक वर्ष शाबानमध्ये संपते व शव्वालमध्ये नवे सुरू होते, त्यामुळे सफीर म्हणून येणारे बरेचजण मुळात शिक्षकच असतात. सुटीचा महिना ते आपल्या संस्थेसाठी दारोदार फिरण्यात घालवतात. याशिवाय कुर्ल्यातल्या मशिदी, शाळा, रुग्णांना मदत करणाऱ्या कमिट्या आणि शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट यांचे स्थानिक वसुली करणारेही आहेत. या सर्वांनी मिळून एक संघटना बांधावी आणि तिने पुढील पाच वर्षांची लेखी योजना करावी, असे आमचे मत आहे.

एका महिन्याचा भरवसा

योजनेची गरज का, हे २०२० सालाने दाखवून दिले. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस देशभर लॉकडाऊन लागला आणि २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. गाड्या बंद, बाजार बंद, मशिदी बंद. सफीर गावाबाहेर पडू शकले नाहीत. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, १४ एप्रिलला रमजान लागला आणि त्याच दिवशी महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध आले. लागोपाठ दोन सीझन गेले. ज्या संस्थांची सारी मिळकत या एकाच महिन्यावर होती, त्यांच्यापुढे शिक्षकांचे पगार आणि मुलांचे जेवण कसे भागवायचे हा प्रश्न उभा राहिला. ज्यांच्याकडे दात्यांचे पत्ते, फोन नंबर आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते तयार होते, त्यांना घरबसल्या निदान काही मागता तरी आले.

कपड्याच्या धंद्यात आम्ही ईदेच्या सीझनवर भिस्त ठेवतो हे खरे, पण लग्नसराई, शाळेचे गणवेश आणि दिवाळीची घाऊक विक्री यांनी वर्ष सांभाळले जाते. वसुलीत दुसरा आधार बकरी ईदच्या कातड्यांचा होता. कातड्यांचे भाव पडल्यापासून तोही डळमळीत झाला आहे. कातडे उचलणे, मीठ लावणे व टेम्पोचे भाडे देणे यातच हाती आलेली रक्कम संपावी, अशी वेळ अनेक ठिकाणी आली.

दुसऱ्यांनी काय केले

अमेरिकेत देणग्या गोळा करण्याचा पेशा करणाऱ्यांनी १९६० साली आपली संघटना स्थापन केली. आज ती ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या शहराशहरांत शाखा आहेत. शाखा आपली योजना लेखी ठेवतात : सभासद किती वाढवायचे, नव्या माणसाला काय शिकवायचे, आचारसंहिता कशी पाळायची. या संघटनेच्या आचारसंहितेत एक नियम आपल्या कामाचा आहे. जमा रकमेच्या टक्केवारीवर मेहनताना घ्यायचा नाही. पगार घ्यावा, ठरलेला बोनसही घ्यावा, पण देणगीतला हिस्सा नको.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. दारुल उलूम देवबंद १८६६ मध्ये सुरू झाले, तेव्हा मौलाना कासिम नानोतवी यांनी आठ तत्त्वे लिहून ठेवली. एखाद्या संस्थानिकाच्या किंवा सरकारच्या कायम मदतीवर न विसंबता सर्वसामान्यांच्या चंद्यावर संस्था चालावी, हा त्यांचा गाभा होता. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. मोठ्या शेठची एक थैली बंद झाली तर संस्था बसते. हजार लहान दाते असले तर दहा-वीस गळाल्याने काही अडत नाही.

आता योजनेत काय असावे ते क्रमाने पाहू.

पहिले काम : स्टॉक मोजणे

दिवाळीला किंवा मार्चअखेर व्यापारी स्टॉक मोजतो, तसे संघटनेने पहिल्या वर्षी मोजावे. कुर्ल्यात किती संस्थांचे वसुली करणारे फिरतात, कोणत्या गल्लीत किती, एका दुकानावर दिवसाला किती जण येतात, मागच्या वर्षी पावती घेतलेल्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिले. हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. नवा दाता शोधायला जेवढी पायपीट लागते, त्याच्या निम्म्यानेही जुना दाता टिकतो. त्याला ईदनंतर एक आभाराचे पत्र आणि वर्षअखेर हिशेबाचा एक कागद मिळाला पाहिजे.

येथे एक सावधगिरी सांगतो. आपला हिशेब एप्रिल ते मार्च आणि रमजान चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ चा रमजान १२ मार्च ते १० एप्रिल असा होता आणि २०२५ चा २ ते ३० मार्च. म्हणजे २०२४-२५ च्या वहीत एका रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि दुसरा पूर्ण रमजान, दोन्ही आले. आखरी अशऱ्यात हात सर्वांत सैल असतो. तेव्हा त्या वर्षी वसुली वाढली असे वहीत दिसले तरी ती खरी वाढ असेलच असे नाही. तुलना नेहमी रमजानची रमजानशी करावी.

दुसरे काम : मेहनताना

सुरा तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत जकात वसूल करणारेही आहेत. तेव्हा या कामाची मजुरी घेण्यात शरम नाही. आजच्या खासगी संस्थेचा सफीर या व्याख्येत कितपत बसतो, यावर आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे. कमिशनच्या पद्धतीला मात्र अनेक उलेमांनी नापसंत केले आहे, कारण मजुरी किती ते आधी ठरलेले नसते.

हिशेबाच्या बाजूनेही पाहू. समजा, एका सफीराने दोन लाख रुपये जमा केले. चाळीस टक्के कमिशन असेल तर ८० हजार गेले; रेल्वे, मुक्काम व पावतीबुके यांचे १० हजार धरले तर संस्थेला १ लाख १० हजार मिळाले. रुपयाला ५५ पैसे. त्याच माणसाला तयारीचा एक व वसुलीचा एक असे दोन महिने २० हजारांप्रमाणे पगार दिला आणि खर्च तोच धरला, तर संस्थेकडे दीड लाख पोहोचतात. रुपयाला ७५ पैसे. पगारावर माणूस सुस्त होईल, अशी शंका घेतली जाते. त्यासाठी कामावर ठराविक बोनस ठेवावा : इतक्या जुन्या दात्यांना भेटला, पावत्यांचा हिशेब वेळेत दिला, म्हणून इतके रुपये. रकमेचा टक्का नको.

जकात व सदका-ए-वाजिबा यांची पावती वेगळी, इमदाद व अतिया यांची वेगळी, असा नियमही संघटनेने घालून द्यावा. इमारत, शिक्षकांचा पगार यासाठी जकातीचा पैसा सरळ वापरता येत नाही, असे हनफी उलेमांचे मत आहे. दोन्ही पैसे एका पाकिटात गेले की पुढे कुणालाच ते वेगळे करता येत नाहीत.

तिसरे काम : ओळख आणि वेळ

दुकानदाराची मोठी अडचण ही की समोर उभा असलेला माणूस खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. तसदीकनामा छापून घेणे फार कठीण राहिलेले नाही. संघटनेने शाबानमध्ये चार गोष्टी तपासाव्यात : संस्थेची नोंदणी, संस्थेच्या नावाचे बँक खाते, मागील वर्षाचा ऑडिट आणि नाजिमशी प्रत्यक्ष फोनवर बोलणे. मग फोटो, क्रमांक व मुदत असलेले एका सीझनचे कार्ड द्यावे आणि त्या क्रमांकांची यादी मशिदीच्या फलकावर लावावी. संस्था कोणत्या मसलकची, हे तपासणे संघटनेचे काम नव्हे. तिने कागद पाहावेत. कुणाला द्यायचे हे दाता ठरवील.

गल्ल्या व दिवस वाटून घ्यावेत. रमजानमध्ये कापड, चप्पल व तयार कपड्यांच्या दुकानांत असरनंतर श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या वेळी वीस जण रांगेने आले की दुकानदार दहा-वीस रुपये टाकून सुटका करून घेतो. तोच सकाळी अकराला निवांत ऐकून घेईल आणि वर्षाची जकातही ठरवील.

चौथे काम : कायदा

संघटना संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदवायची तर किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. देणगीवर दात्याला मिळणाऱ्या करसवलतीविषयी, जी सर्वजण ‘८०-जी’ म्हणून ओळखतात, फार गैरसमज आहेत. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला २०१७-१८ पासून ही सवलत नाही. एका विशिष्ट धर्मसमाजापुरत्या असलेल्या किंवा मुख्यतः धार्मिक कार्याच्या ट्रस्टलाही ती मिळत नाही. सर्वांसाठी खुल्या शाळा-दवाखान्यांच्या ट्रस्टला मंजुरीनंतर मिळू शकते. मंजुरीचा कागद हाती नसताना सवलतीचे आश्वासन देऊ नये. नवा आयकर कायदा २०२५ साली संमत झाला आहे, तेव्हा कलमांचे आकडे सीएकडून तपासून घ्यावेत.

आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिक झालेल्या नातेवाईकाचा किंवा तिकडच्या संस्थेचा पैसा मात्र एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. सफीराच्या स्वतःच्या खात्यावर पैसे मागितले जात असतील, तर कार्ड असूनही देऊ नये.

पाच वर्षांचा नकाशा

पहिल्या वर्षी मोजणी आणि कार्ड. दुसऱ्या वर्षी कमिशन बंद करून पगार. तिसऱ्या वर्षी मासिक देणगीदार. चारशे घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तरी वर्षाला ४ लाख ८० हजार होतात, आणि त्यासाठी रमजानची वाट पाहावी लागत नाही. चौथ्या वर्षी एक राखीव निधी, किमान तीन महिन्यांच्या खर्चाइतका. यात आपत्तीच्या वसुलीचे नियमही आधीच ठरवावेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मिठी नदी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. अशा वेळी लोक सढळ हाताने देतात, पण कुणाकडे द्यावे ते त्यांना ठाऊक नसते. वेगळे पावतीबुक आणि तीस दिवसांत फलकावर हिशेब, हा नियम पुरेसा आहे. पाचव्या वर्षी सर्व पुन्हा तपासावे.

कॅलेंडरही पाहून ठेवावे. येत्या काही वर्षांत रमजान जानेवारीकडे सरकत आहे. त्या दिवसांत उत्तर भारतात धुके असते व गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात. २०३० साली तर दोनदा रमजान लागेल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. ज्यांची यादी व मासिक देणगी तयार असेल, त्यांना याची चिंता राहणार नाही.

सवाबाच्या कामात संघटना व नियम कशाला, असे काही बुजुर्ग म्हणतील. त्यांना आमची अदबीने विनंती आहे की, चंदा ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब लिहून ठेवणे हे दीनाचेच काम आहे. ईदनंतर, शव्वालच्या पहिल्या पंधरवड्यात, कुर्ल्यातील मशिदींचे ट्रस्टी, दोन-तीन व्यापारी, एक सीए आणि चार-पाच अनुभवी सफीर एकत्र बसले, तरी सुरुवात होईल. त्या बैठकीत एकच कागद तयार व्हावा : यंदा कोण आले, किती जमा झाले, किती खर्च झाला. अल्लाह आपल्या कामात बरकत देवो. आमीन.