तलंग, खुडूक आणि 21 दिवस

कुक्कुटपालनात नव्याने पदार्पण करणाऱ्यांनी या व्यवसायाच्या परिभाषेतील जे शब्द प्रथम आत्मसात करावेत, त्यांत माझ्या मते ‘तलंग’ आणि ‘खुडूक’ यांना अग्रमान द्यावा लागेल. अंडी घालण्यास अद्याप प्रारंभ न केलेली तरुण मादी ती तलंग; आणि अंडी घालणे थांबवून, पिसे फुलवून, जवळ येणाऱ्या हातावर चोच उगारीत जी खुराड्यातील आपली जागा सोडीत नाही, ती खुडूक. अशा कोंबडीखाली दहा-बारा फलित अंडी ठेवून दाणापाण्याचा बंदोबस्त जवळच केला, तर सुमारे 21 दिवसांनी पिल्ले कवच फोडून बाहेर येतात. सातव्या रात्री अंधारात विजेरीसमोर अंडे धरावे: रक्तवाहिन्यांचे तांबूस जाळे दिसले तर गर्भ वाढत आहे, आणि निव्वळ स्वच्छ उजेड आरपार आला तर ते अंडे अफलित समजून बाजूस काढावे. ते जाळे प्रथम दिसते, त्या क्षणाएवढा आनंद या उद्योगात दुसरा नाही. लेगहॉर्नसारख्या, अंड्यांसाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जातींत मात्र ही खुडूक वृत्ती जवळजवळ लोप पावली असल्यामुळे त्यांची अंडी उबवण्याचे काम यंत्राकडे, अथवा एखाद्या गावठी कोंबडीकडे सोपवावे लागते.