पाटे काढले, तर त्यांची कामं कोण करणार?

मामाची पद्मिनी १९७८ ची. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "तू सस्पेन्शनवरच पीएचडी करतोयस ना? मग सांग, हिच्यात आजच्या हॅचबॅकचं इंजिन बसवायचं, मागे कॉइल स्प्रिंग टाकायच्या. जमेल?" माझं संशोधन संगणकावरच्या मॉडेल्सचं, त्यामुळे मी आधी जरा गडबडलो. पण प्रश्न इतका छान आहे, की त्यावर लिहायलाच हवं.

पद्मिनीच्या मागे वाकून बघा. दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल दिसेल, मध्ये डिफरन्शिअलचा गोळा आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. हेच पाटे. टांग्यालाही असेच असायचे, म्हणून आपण त्यांना जुनाट समजतो. पण ते करतात काय काय ते बघा. गाडीचं वजन पेलतात. ॲक्सल पुढेमागे किंवा डावीउजवीकडे सरकू देत नाहीत. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यातून थोडे हेलकावेही जिरतात. आणि चौथं काम, जे कुणाच्या लक्षातच येत नाही: ॲक्सलला पडणारा पीळ सोसणं.

इंजिन चाकांना पुढे फिरवतं, तेव्हा ॲक्सलची नळी उलट दिशेने फिरू बघते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. समजा इंजिनाचा टॉर्क ७० न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरमध्ये तो चाकापर्यंत जाताना १५ पट होतो. म्हणजे पीळ १०५० न्यूटन-मीटरचा. ११० चं इंजिन टाकलं, की तोच पीळ १६५० वर जातो. मग पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात आणि चाक रस्त्यावर थडथडायला लागतं. म्हणजे इंजिन बदलल्याचा त्रास मागच्या पाट्यांना!

"म्हणून तर कॉइल टाकायच्या," मामा म्हणाला. पण कॉइल स्प्रिंग वरखाली दबते, बस्स. ॲक्सल जागेवर धरायला आणि पीळ सोसायला वेगळे ट्रेलिंग आर्म हवेत, आडवं सरकणं थांबवायला पॅनहार्ड रॉड हवा. हे सगळं जोडायचं कुठे? पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या टोकाला वाटून देतो, कॉइल तो एकाच जागी ढकलते. त्या जागचा पत्रा एवढ्या भारासाठी बनवलेलाच नाही. त्यात पंचेचाळीसेक पावसाळे झालेला पत्रा! वेल्डिंग करून तुकडा जोडता येतो, पण मग त्याच्या कडेला तडे जातात. माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा हीच, आणि ती बाहेरून दिसत नाही.

इंजिनाचंही सोपं नाही. हॅचबॅकचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. पद्मिनीत ते लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची फिरवतं. म्हणजे गिअरबॉक्स वेगळा शोधा, प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करा. शिवाय ६० ऐवजी ९० च्या वेगाने पळाली, तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. (सीएनजी किटसारखा इंधनाचा बदल हा त्यातला अपवाद, त्यालाही अटी आहेतच.) २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसतील तरच. मामाची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. बेत त्याने वर्षभर मनात घोळवला होता, त्यामुळे मलाही वाईट वाटलं. शेवटी ठरलं ते असं: पाट्यांचे रबरी बुश नवे, शॉक ॲब्सॉर्बर नवे, पाटे उलगडून साफ करून परत बसवायचे, ब्रेकचे लायनर बदलायचे. मूळ मापाचेच सगळे भाग.

परवा त्याचा परत फोन आला. मागची खडखड गेलीय म्हणे. आता डॅशबोर्डची ऐकू येतेय.