श्रेयांक आणि रेखाटने : सामुदायिक महाविद्यालयांतील वास्तुकला, इंटिरियर डिझाइन व ग्राफिक डिझाइनचे शिक्षण

प्रास्ताविक

पदवी अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे विद्यार्थ्याला घराजवळ आणि अल्प शुल्कात पूर्ण करता यावीत, या विचारातून अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालयांचा उगम झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेले महाविद्यालय हे या परंपरेतील आद्य उदाहरण मानले जाते. १९४७ च्या ट्रुमन आयोगाने ‘सामुदायिक महाविद्यालय’ हे नाव रूढ केले, तर कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्चशिक्षणविषयक बृहद्‌आराखड्याने या संस्थांना राज्याच्या त्रिस्तरीय रचनेत सर्वांना खुला असलेला स्तर म्हणून स्थान दिले. त्या राज्यात २०१२ पासून रहिवासी विद्यार्थ्यांसाठी दर श्रेयांकामागे ४६ डॉलर शुल्क आहे. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीस सामान्यतः ६० श्रेयांक लागतात, म्हणजे एकूण शुल्क २,७६० डॉलर होते. विद्यापीठीय शुल्काच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे.

या महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत वास्तुकला, इंटिरियर डिझाइन आणि ग्राफिक डिझाइन हे विषय बहुधा शेजारीशेजारी आढळतात. रेखाटनाचे टेबल, मूलभूत अभिकल्पाचा पहिला पाठ, संगणकावरील आरेखन हे सारे तिघांत समान दिसते. तथापि दोन वर्षांनंतर या तिन्ही शिक्षणांचे मोल एकसारखे राहत नाही. हा फरक अध्यापनाच्या दर्जातून उद्‌भवत नसून त्या त्या व्यवसायाचे नियमन कोण व कसे करते यातून उद्‌भवतो. प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र तो पुष्कळदा उशिरा कळतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या आधारे या फरकाचा विचार केला आहे.

एका छताखाली

सामुदायिक महाविद्यालयाचा वर्ग हा वयाने आणि अनुभवाने संमिश्र असतो. नुकतीच शाळा संपविलेली मुले, दिवसा बांधकामावर काम करून सायंकाळी येणारे सुतार, मुलांना वाढविल्यानंतर शिक्षणाकडे वळलेल्या स्त्रिया, परदेशी पदवी असूनही स्थानिक मान्यता नसलेले स्थलांतरित असे विद्यार्थी एकाच टेबलाभोवती बसतात. अध्यापकांपैकी अनेक जण स्वतः व्यवसाय करून अंशकालीन शिकवितात. भिंतीचा छेद कसा काढावा हे सांगणारा अध्यापक त्याच दिवशी सकाळी प्रत्यक्ष बांधकामावर गेलेला असू शकतो. पूर्णवेळ विद्यापीठीय विभागांना हा लाभ सहजी मिळत नाही.

या तीन विद्यांच्या सान्निध्याचे एक बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजात आहे. या महाविद्यालयाच्या परिसराचे वास्तुविशारद टिमथी फ्लूगर यांच्या पुढाकाराने मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९४० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, प्रेक्षकांसमोर, सुमारे ७४ फूट लांब व २२ फूट उंच भित्तिचित्र रंगविले. ते नियोजित ग्रंथालयासाठी होते. युद्ध आले, १९४६ मध्ये फ्लूगर निवर्तले, ग्रंथालय योजल्याप्रमाणे उभे राहिलेच नाही आणि चित्राचे भाग अनेक वर्षे पेट्यांत पडून राहिले. अखेर १९६१ मध्ये ते महाविद्यालयाच्या नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात बसविण्यात आले. वास्तू नसेल तर तिच्यासाठी केलेल्या चित्राचे काय होते, हे शिकविण्यास याहून चांगला पाठ शोधूनही सापडणार नाही.

येथे मराठीतील संज्ञांविषयी थोडे सांगणे अस्थानी ठरू नये. इंटिरियर डिझाइनला आपल्याकडे सरसकट ‘गृहसजावट’ म्हटले जाते. पडदे, रंग व फर्निचर यांची निवड हा या विद्येचा केवळ एक भाग आहे. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग, अपंग व्यक्तींसाठी दरवाजांची रुंदी, प्रकाशयोजना आणि सामग्रीची ज्वलनशीलता हे तिचे अधिक गंभीर विषय आहेत. अमेरिकी महाविद्यालयांतही सजावट आणि डिझाइन यांतील हा भेद पहिल्याच सत्रात समजावून सांगावा लागतो. त्याचप्रमाणे ‘वास्तुशास्त्र’ हा शब्द आता भलत्याच अर्थाने रूढ झाल्यामुळे ‘वास्तुकला’ हाच शब्द येथे वापरला आहे.

वास्तुकला : श्रेयांक जुळतात, वर्षे जुळत नाहीत

तीन विषयांपैकी सर्वाधिक गुंतागुंत वास्तुकलेत आहे. अमेरिकेत वास्तुकलेच्या शिक्षणाचे अधिस्वीकरण करणारे राष्ट्रीय मंडळ १९४० मध्ये स्थापन झाले. ते केवळ व्यावसायिक पदव्यांना मान्यता देते. असोसिएट पदवी त्याच्या कक्षेतच येत नाही. व्यावसायिक बी.आर्च. पदवीस किमान १५० श्रेयांक लागतात आणि ती सामान्यतः पाच वर्षांची असते. म्हणजे ‘दोन वर्षे येथे, दोन वर्षे तेथे’ हे इतर विद्याशाखांत लागू पडणारे गणित येथे मुळातच बसत नाही.

अडचण एवढ्यावरच थांबत नाही. भाषा, गणित, भौतिकी, कलेचा इतिहास या विषयांचे श्रेयांक महाविद्यालय व विद्यापीठ यांच्यातील समकक्षता करारांनुसार बहुधा विनासायास मान्य होतात. स्टुडिओचे तसे नाही. वास्तुकलेचा स्टुडिओ ही सत्रागणिक चढत जाणारी साखळी असते. प्रत्येक सत्रातील प्रकल्प मागील सत्रातील कौशल्य गृहीत धरतो. त्यामुळे नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला साखळीच्या कोणत्या कडीला जोडावे, हे विद्यापीठ अनेकदा त्याची रेखाटने आणि प्रतिकृतींची छायाचित्रे पाहून ठरविते. साठ श्रेयांक मिळविलेला विद्यार्थी कागदोपत्री तृतीय वर्षाचा ठरतो, पण स्टुडिओत त्याची जागा द्वितीय, प्रसंगी प्रथम वर्षात असते. असे झाल्यास पुढे आणखी तीन-चार वर्षे विद्यापीठाचे शुल्क भरावे लागते आणि आरंभीच्या दोन वर्षांत झालेली बचत पाहता पाहता संपते.

दुसरा मार्ग चार वर्षांच्या पूर्वव्यावसायिक पदवीचा आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची वास्तुकलेतील बी.ए. ही अशी पदवी आहे. येथे दोन अधिक दोन हे गणित तुलनेने जमते, परंतु ती पदवी स्वतः अधिस्वीकृत नसल्याने व्यावसायिक पदवीसाठी पुढे एम.आर्च. करणे आले. यांपैकी कोणता मार्ग श्रेयस्कर हे विद्यार्थ्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मात्र दोन्ही मार्गांना लागणारे पूर्वविषय वेगळे असल्याने निवड पहिल्या वर्षीच करावी लागते. सामुदायिक महाविद्यालयातील समुपदेशक बहुधा सर्व विद्याशाखांना मिळून नेमलेले असतात, आणि स्टुडिओची ही साखळी त्यांना ठाऊक असेलच असे नाही. म्हणून हे मार्गदर्शन विभागातील अध्यापकानेच करावयाचे असते.

हे सारे वाचून सामुदायिक महाविद्यालयातून वास्तुविशारद घडत नाहीत असा समज होऊ नये. फ्रँक गेरी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला आले तेव्हा मालवाहू गाडी चालवून लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात शिकत होते. पुढे १९५४ मध्ये त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतली. शिवाय कॅलिफोर्नियाचा कायदा काही राज्यांच्या मानाने उदार आहे. तेथे अधिस्वीकृत पदवी परवान्यासाठी अनिवार्य नाही. शिक्षण व कामाचा अनुभव मिळून आठ वर्षांची पूर्तता, ३,७४० तासांचा नोंदणीकृत अनुभव, सहा भागांची राष्ट्रीय परीक्षा व राज्याची पूरक परीक्षा एवढ्यावर परवाना मिळू शकतो. याखेरीज लाकडी सांगाड्याचे, दोन मजल्यांपर्यंतचे एककुटुंब घर आरेखित करण्यास तेथे परवान्याची आवश्यकताच नाही. दोन वर्षे शिकलेल्या कुशल आरेखकासाठी कायद्याने मोकळे ठेवलेले हे क्षेत्र लहान नाही, कारण अमेरिकेतील बहुसंख्य घरे याच प्रकारची असतात.

इंटिरियर आणि ग्राफिक डिझाइन

इंटिरियर डिझाइनची स्थिती मधली आहे. कॅलिफोर्नियात ‘प्रमाणित इंटिरियर डिझाइनर’ ही उपाधी संरक्षित असली तरी प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे. इमारतीच्या संरचनेला वा भूकंपरोधकतेला धक्का न लावणारे अंतर्गत बदल परवान्याविना आरेखित करता येतात. त्यामुळे असोसिएट पदवी घेतलेला विद्यार्थी थेट कामाला लागू शकतो. स्वयंपाकघरे व न्हाणीघरे यांचे आरेखन, दुकानांची मांडणी, सामग्री-विक्रेत्यांकडील सल्लागारी ही त्याची पहिली ठिकाणे होत. इतर काही राज्यांत नियम कडक आहेत, ही गोष्ट स्थलांतर करू इच्छिणाऱ्याने ध्यानात ठेवावी लागते.

ग्राफिक डिझाइनला परवाना नाही, उपाधीचे संरक्षण नाही आणि सक्तीची परीक्षाही नाही. नोकरी देणारा कामाचा संग्रह पाहतो, अक्षरजुळणीची जाण पाहतो आणि मुदत पाळण्याची सवय पाहतो. म्हणूनच दोन वर्षांचे शिक्षण या क्षेत्रात सर्वांत कमी गळतीने उपयोगी पडते. अर्थात स्पर्धाही येथेच अधिक, कारण दार सर्वांनाच उघडे आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्यान्वये काही सामुदायिक महाविद्यालयांना प्रायोगिक तत्त्वावर चार वर्षांची पदवी देण्यास अनुमती दिली. तीनुसार सँटा मोनिका कॉलेजने २०१६ मध्ये इंटरॅक्शन डिझाइनची पदवी सुरू केली. २०२१ मध्ये ही अनुमती कायम झाली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यास पुदुच्चेरी व चेन्नई येथे रुजली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून तिच्यासाठी योजना राबविली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील बहुविध प्रवेश-निर्गमन आणि २०२१ ची श्रेयांक पेढी यांमुळे ‘दोन वर्षे शिकून थांबणे व पुन्हा येणे’ हा विचार आता आपल्या महाविद्यालयांच्याही दारी आला आहे. त्यामुळे अमेरिकेतील अनुभव केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकला व उपयोजित कला पूर्वी एकाच संस्थेचे विभाग होते. १९५८ मध्ये त्यांची स्वतंत्र महाविद्यालये झाली. सान्निध्य गेले, पण प्रत्येक विद्येचे नियमन स्पष्ट झाले. पुढे वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींपुरती राखीव झाली. हा कायदा उपाधीचे संरक्षण करतो, आरेखनाच्या कामास इतरांना मज्जाव करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. इंटिरियर व ग्राफिक डिझाइनसाठी असा कायदा नाही.

श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होतील, पण त्याची रेखाटने जमा होणार नाहीत. ती कोणी तपासावयाची, कोणत्या निकषांवर तपासावयाची आणि त्यावरून त्याला कोणत्या सत्रात बसवावयाचे, याची कार्यपद्धती आपल्याकडे आखावी लागेल. तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊ शकतो. वास्तुकला साहाय्यकाची तेवढ्याच वर्षांची पदविका मात्र, गणित हा विषय त्यात असल्यास, बी.आर्च.च्या प्रथम वर्षाच्या प्रवेशासाठी पात्रता म्हणून गणली जाते. आराखडे, छेद आणि दर्शनी रेखाटने तीन वर्षे काढलेला हा विद्यार्थी मग बारावीनंतर आलेल्या मुलांसोबत रेषेच्या जाडीचा पहिला पाठ गिरवावयास बसतो.