जुन्या कपबश्या, नवी शोभा

घर सजवायचे म्हटले की आपल्या कुटुंबांत पहिला प्रश्न पैशांचा येतो. महिन्याचा पगार भाडे, रेशन, मुलांची फी आणि औषधपाणी यांतच संपतो. मग भिंतीवर एखादे कॅलेंडर आणि कपाटावर प्लास्टिकची फुले, एवढ्यावर आपण समाधान मानतो. पण शोभा ही काही शोरूममध्येच मिळते असे नाही. जुन्या बाजारातल्या, भंगारवाल्याच्या गाडीवरच्या किंवा आपल्याच माळ्यावर पडून असलेल्या कपबश्या, काचेचे पेले, तामचिनीच्या थाळ्या, लोणच्याच्या बरण्या यांतून अगदी थोड्या खर्चात घराला रूप आणता येते.

हे सांगितले की काही भगिनी विचारतात, "दुसऱ्याने वापरून टाकलेले आपण घरात का आणायचे?" ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. तिच्यामागे इतिहास आहे. गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप वेगळा, बाहेर ठेवलेला असे. कान तुटलेला, टवका उडालेला. चहा पिऊन तो आपणच विसळून परत जागेवर ठेवायचा. घटनेच्या कलम १७ ने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली, तरी कित्येक गावांत तो वेगळा कप पुढेही राहिला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे न खाण्याचा निर्धार करायला सांगितले, ते याच लाचारीतून आपल्याला बाहेर काढण्यासाठी.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कोणी उपकार म्हणून पुढे सरकवलेली वस्तू घेऊ नये. पण आपल्या कष्टाच्या पैशाने, चार बश्या उलटसुलट करून, भाव पाडून, पसंतीने घेतलेली वस्तू ही आपली निवड आहे. त्यात कमीपणा नाही. मुंबईच्या चोरबाजारात मोठमोठे शौकीन जुनी चिनी माती शोधत हिंडतात. त्यांना कोणी नावे ठेवत नाही, मग आपल्यालाच संकोच का वाटावा?

निवड कशी करावी

सेटमधून सुटलेली एकटी बशी किंवा बशीविना उरलेला कप विक्रेता स्वस्तात देतो, कारण जोडी नसलेल्या वस्तूला गिऱ्हाईक नसते. सजावटीला जोडी लागतच नाही. रंग मात्र ठरवून घ्यावा. निळी नक्षी घेतली तर सगळ्या बश्या निळ्या नक्षीच्याच शोधाव्यात. इराणी हॉटेलात असतात तशा जाड पांढऱ्या बश्याही भिंतीवर छान दिसतात. तडा ओळखायला नखाने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर भांडे धड आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

घरी आणल्यावर कोमट पाण्यात साबणाने धुवावे. थंड काच एकदम कढत पाण्यात बुडवू नये, ती तडकते. चहाचे जुने डाग खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून चोळले की निघतात.

काय काय करता येईल

*भिंतीवरच्या बश्या* : चाळीच्या किंवा भाड्याच्या खोलीत भिंतीला फार खिळे ठोकता येत नाहीत. त्यासाठी एकच अरुंद फळी बसवावी आणि तिच्या पुढच्या कडेला लाकडाची बारीक पट्टी ठोकावी. बश्या भिंतीला टेकून उभ्या राहतात, पट्टीमुळे घसरत नाहीत.

*दुमजली तबक* : मोठ्या बशीच्या मध्यावर काचेचा पेला उपडा चिकटवावा आणि त्याच्या बुडावर लहान बशी बसवावी. चिकटवण्याच्या जागा आधी पॉलिश पेपरने खरबरीत कराव्यात. एरल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतील पदार्थ सारख्या प्रमाणात कालवून लावावेत आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे फुले ठेवायला हे तबक शोभून दिसते.

*कपातली मेणबत्ती* : जयंतीनंतर किंवा वैशाख पौर्णिमेनंतर मेणबत्त्यांची थोटके उरतात. ती डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्यात ठेवून वितळवावीत. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये, ते पेट घेते. कपात मधोमध सुती वात उभी धरून मेण ओतावे. तडा गेलेला कप मात्र घेऊ नये, उष्णतेने तो फुटेल.

*किटलीतला मनीप्लांट* : झाकण हरवलेल्या किटलीत किंवा बरणीत पाणी घालून मनीप्लांटची फांदी ठेवावी. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलावे आणि भांडे आतून घासावे, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतील.

*फुटक्या तुकड्यांचे पान* : बशी फुटलीच तर तुकडे गोणपाटात गुंडाळून, डोळे सांभाळून हातोडीने बारीक करावेत. प्लायवुडच्या तुकड्यावर पिंपळपान आखून घ्यावे. हिरवे तुकडे पानात आणि पांढरे बाहेर चिकटवावेत, नंतर फटींत पांढरा सिमेंट भरून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. हे काम मोठ्यांनीच करावे, मुलांना फक्त रंग निवडू द्यावेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली गोष्ट, सजावटीसाठी आणलेल्या जुन्या बशीत जेवण वाढू नये. जुन्या रंगीत नक्षीत आणि झिलईत शिसे असू शकते. लिंबू, चिंच, लोणचे अशा आंबट पदार्थांत ते उतरते आणि लहान मुलांना त्याचा सर्वांत जास्त अपाय होतो. दुसरी गोष्ट, फुटकी काच घरात ठेवणे अपशकुनाचे असते असे शेजारीपाजारी सांगतील. आपण शकुन-अपशकुन मानत नाही. हात कापण्याचा धोका मात्र खरा असतो, म्हणून धारदार कडा पॉलिश पेपरने घासाव्यात.

फुटक्या भांड्यांचे काय होऊ शकते याचे मोठे उदाहरण चंदीगडचे रॉक गार्डन आहे. नेकचंद हे तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सांभाळून, कोणाला न सांगता, फुटक्या कपबश्या, फरशांचे तुकडे आणि बांगड्या गोळा करून त्यांच्या मूर्ती घडवायला सुरुवात केली. १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली आणि १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ना कलाशाळेचे शिक्षण, ना गाठीला पैसा. होती ती चिकाटी आणि नजर.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या मायभगिनींना स्वच्छ आणि नीटनेटके राहायला सांगितले होते. आपल्या आज्यांनी ते ऐकले आणि दुसऱ्याच दिवसापासून अंगी बाणवले. दहा बाय दहाच्या खोलीतही मूल नीटनेटक्या, देखण्या भिंतीसमोर अभ्यासाला बसले तर त्याची मान ताठ राहते. तेव्हा येत्या सुट्टीत माळा उतरवा, घरातल्या सगळ्यांना हाताशी घ्या आणि पहिली फळी बसवा.