एकतर्फी निवाड्यानंतरची सुनावणी

कोलकात्यातील औद्योगिक न्यायाधिकरणासमोर ९ डिसेंबर १९७६ रोजी ग्रिंडलेज बँकेशी संबंधित एक वाद सुनावणीस आला, तेव्हा कामगार संघटनेच्या वकिलांनी तारीख वाढवून मागितली. सरचिटणीसांचे वडील वारले होते आणि श्राद्धविधीसाठी त्यांना शहर सोडावे लागले होते. पुराव्यादाखल तारही हजर करण्यात आली. न्यायाधिकरणाने मुदत नाकारून एकतर्फी निवाडा दिला. संघटनेने १९ जानेवारी १९७७ रोजी तो रद्द करण्याचा अर्ज केला आणि एप्रिलमध्ये त्याच न्यायाधिकरणाने आपला निवाडा मागे घेतला. बँक मात्र या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एकदा दिलेला निवाडा फिरवण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधिकरणाला दिलेलाच नाही, असा तिचा आक्षेप होता.

कायद्याचे शब्द पाहिले, तर हा आक्षेप पोकळ नव्हता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा अर्जाची स्पष्ट तरतूद नव्हती. डिसेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचे अपील फेटाळताना एक मूलभूत भेद केला. निकालाच्या गुणदोषांचा फेरविचार करायचा तर कायद्याने तसा अधिकार द्यावा लागतो; पण कार्यपद्धतीतील चूक दुरुस्त करण्याचा अधिकार प्रत्येक न्यायपीठाच्या ठायी अंगभूतच असतो. पुरेसे कारण नसताना पक्षकार गैरहजर राहिला, तरच एकतर्फी कामकाजाची मुभा आहे. कारण पुरेसे असेल, तर त्या कामकाजाचा पायाच उरत नाही आणि कारण पुरेसे होते की नाही, हे ऐकून घेतल्याखेरीज कळणार कसे?

तरीही एक गाठ राहिली. कलम १७-अ नुसार निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांनी अंमलात येण्याजोगा होत असे. ग्रिंडलेज प्रकरणातील अर्ज या मुदतीत होता. त्यानंतर आलेल्या अर्जाचे काय? २००४ मध्ये संगम टेप कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० दिवसांनंतर दार बंद केले. याचा अर्थ, ज्याला तारखेचीच वार्ता नव्हती त्याने राजपत्र मात्र नेमाने वाचावे! काढून टाकलेला कामगार पोटासाठी गाव बदलतो, नोटीस जुन्या पत्त्यावरून परत येते. वकील देण्यावर या कायद्यात प्रतिपक्षाच्या संमतीची अट असल्याने त्याची सारी भिस्त बहुधा संघटनेच्या एखाद्या पदाधिकाऱ्यावर असते. महाराष्ट्रात लागू असलेले १९५७ चे मुंबई नियम याबाबतीत अधिक समंजस होते. त्यांत अर्जासाठीचे ३० दिवस निवाड्याची प्रत हाती पडल्यापासून मोजले जात.

मे २०१८ मध्ये हरियाणा सूरज माल्टिंग प्रकरणात त्रिसदस्य पीठाने हा गुंता सोडवला. निवाडा अंमलात येण्याजोगा झाला म्हणून तो आपोआप बंधनकारक ठरत नाही. पुरेशा कारणाने गैरहजर राहिलेल्याला ३० दिवसांनंतरही, मात्र वाजवी मुदतीत, त्याच न्यायपीठाकडे दाद मागता येईल, असे पीठाने ठरवले. उच्च न्यायालयाची वाट खुली होतीच. पण कामावरून कमी झालेल्या माणसाला ती कितपत परवडते?

निर्णय योग्यच आहे. परंतु हाच दरवाजा मालकासाठीही उघडतो आणि तेथे कामगाराच्या पदरी एक उणीव येते. पुनर्नियुक्तीच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर कलम १७-ब नुसार त्याला कामगाराला शेवटच्या दराने वेतन देत राहावे लागे. (कामगार दुसरीकडे पुरेशा वेतनावर काम करत नसावा, ही अट.) हेच संरक्षण, मालकाने कामगार न्यायालयातच निवाडा रद्द करून घेतला, तर लागू होत नसे, कारण ते वरिष्ठ न्यायालयांतील कामकाजापुरतेच होते. म्हणजे तारखांना दांडी मारायची, विरुद्ध निवाडा आला की कारण पुढे करायचे आणि वाद पुन्हा पहिल्या पायरीवर आणायचा, ही खेळी स्वस्त पडते. यावर उपाय म्हणून अर्ज ऐकण्याचेच नाकारणे गैर होईल. निवाडा रद्द करताना खर्च आणि काही रक्कम जमा करण्याची अट घालणे, नव्या सुनावणीला कालमर्यादा आखून देणे अधिक न्याय्य. मालकाकडून अशी अट मागावी. बेकार कामगाराकडून तीच मागणे म्हणजे सुनावणी नाकारण्यासारखेच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्या रचनेत स्वतंत्र कामगार न्यायालये नाहीत. न्यायिक आणि प्रशासकीय अशा दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आहे. ३० दिवसांची गणना आता राजपत्रातील प्रसिद्धीपासून नव्हे, तर निवाडा पक्षकारांना कळवल्यापासून होते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे; मात्र तिचा लाभ ‘कळवणे’ म्हणजे नेमके काय, यावर अवलंबून राहील. जुन्या पत्त्यावर टपाल रवाना झाले, एवढ्याने महिना मोजायला सुरुवात होणार असेल, तर राजपत्राची जागा पोस्टाच्या पावतीने घेतली, इतकाच फरक पडेल.