छाप्यानंतरची वर्षे

लैंगिक शोषणासाठी होणाऱ्या मानवी व्यापाराविरुद्धचा देशातील मुख्य कायदा १९५६ चा असून व्यवहारात तो ‘पिटा’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम १७ नुसार, छाप्यात सोडवलेल्या स्त्रीचे वय, पूर्वायुष्य आणि घरची परिस्थिती यांची चौकशी झाल्यावर दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षांसाठी संरक्षणगृहात, म्हणजे निवास, उपचार व प्रशिक्षण देणाऱ्या, परंतु मनाप्रमाणे बाहेर पडू न देणाऱ्या संस्थेत, पाठवू शकतात. सुटका आणि कोठडी यांतील अंतर येथे फार थोडे उरते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले आणि शेकडो मुली सरकारी वसतिगृहांत आल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या, पण नागरिकत्वाचे कागद नसल्याने त्यांचे सरकार त्यांना परत घेण्यास कचरत राहिले आणि अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी त्यांना मायदेशी नेले. परतलेल्यांपैकी काहींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली व २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना सांभाळण्याची जबाबदारी कोणालाच नको होती, त्यांनीच पुढे इतरांसाठी निवारागृह चालवले, हे पुनर्वसनाच्या चर्चेत वारंवार सांगण्याजोगे आहे.

छाप्यानंतरचा सर्वांत नाजूक प्रश्न वयाचा असतो, कारण अल्पवयीन मुलगी बालकल्याण समितीकडे जाते आणि सज्ञान स्त्री दंडाधिकाऱ्यांकडे. जन्माचा दाखला नसेल तर मनगट, कोपर यांसारख्या सांध्यांचे क्ष-किरण चित्र काढून हाडे कितपत जुळली आहेत हे पाहतात व दातही तपासतात. तरीही या अनुमानात सुमारे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे न्यायालयांनीच मान्य केले आहे, आणि सतरा-अठराच्या उंबरठ्यावरील मुलीचा पुढचा सगळा मार्ग त्या फरकावर अवलंबून राहतो. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्देश दिले, त्यांत अशा मुलींना आरोपी न समजता काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके मानावे आणि दलालांच्या वकिलाने त्यांच्या वतीने उभे राहू नये, असे स्पष्ट केले.

सज्ञान स्त्रियांच्या बाबतीत मात्र संमतीचा मुद्दा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन तरुणींना वसतिगृहातून मुक्त करताना, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबता येणार नाही, असे सांगितले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणगृहांचे सर्वेक्षण करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे ठरावीक मुदतीत निकाली काढण्याचे निर्देश राज्यांना दिले. परंतु मानसिक आघातातून सावरण्याचा वेग न्यायालयीन आदेशातील मुदतीशी जुळत नाही. काहींना कर्जाची आणि दलालाची भीती संपायलाच वर्षे लागतात, तर काहींना घरी जाऊन मुलांना भेटल्याशिवाय कशातच मन लागत नाही. ज्यांना आधार हवा आहे त्यांच्यासाठी वाट कायद्यातच आहे: ‘पिटा’चे कलम १९ स्त्रीला स्वतः अर्ज करून संरक्षणगृहात प्रवेश मागण्याची मुभा देते. निवासी पुनर्वसनाची खरी उभारणी या कलमावर व्हायला हवी होती, परंतु व्यवस्थेचा सगळा भर आजवर छाप्यावर आणि कलम १७ वरच राहिला.