छतावरचं ऊन आणि दारातली गाडी



चौथीच्या वर्गात ऊर्जेचे स्रोत शिकवत होते. सूर्य, वारा, पाणी, कोळसा असं फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तुमची गाडी उन्हावर चालते ना? मग रात्री चार्ज कशी होते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सोलर पॅनल सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत भरपूर वीज देतात. नेमकी त्याच वेळी माझी गाडी शाळेच्या लिंबाखाली उभी असते. घर आहे बावीस किलोमीटरवर. मग छतावरची वीज जाते कुठे?

ती आपल्या घरात साठून राहत नाही. पॅनलमधून निघते ती एकदिश वीज. इन्व्हर्टर तिला घरात वापरतो तशी प्रत्यावर्ती वीज करतो. फ्रिज, पंखा यांना लागेल तेवढी घरात वापरली जाते, उरलेली मीटरमधून बाहेर महावितरणच्या लाईनवर जाते आणि जवळपासच्या घरांत वापरली जाते. नेट मीटर दोन्ही आकडे लिहून ठेवतो, किती युनिट बाहेर दिले आणि किती घेतले. बिल येतं ते फरकाचं.

मुलांना मी साखरेचं उदाहरण दिलं. शेजारच्या काकूंना वाटीभर साखर दिली, आठ दिवसांनी वाटीभर परत आणली. माप तेवढंच, पण साखर तीच नसते. रात्री माझ्या गाडीत भरते ती वीज माझ्या छतावरची नसतेच. आपल्या राज्यात अजूनही बरीचशी वीज कोळशावर तयार होते, म्हणजे रात्री गाडीत कोळशाचीही वीज जाते. "माझी गाडी उन्हावर चालते" हे वाक्य हिशोबाच्या वहीत खरं, तारेत नाही. हे मलासुद्धा पॅनल बसवल्यावरच नीट कळलं!

आता आकडेमोड, हा भाग मुलांना फार आवडला. जाऊन-येऊन 44 किलोमीटर. माझी छोटी गाडी एका युनिटला साधारण 7 किलोमीटर जाते. म्हणजे सव्वासहा युनिट. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून 7 धरू. महिन्याचे 25 दिवस शाळा, झाले 175 युनिट. घराचा वापर 150. एकूण 325. एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं. म्हणून आम्ही 3 किलोवॅट घेतले, महिन्याला 360 युनिट. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, मार्च-एप्रिलमध्ये वर जातो.

पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. 100 युनिटनंतर एक टप्पा, 300 नंतर पुढचा. सोलर नसताना नुसती गाडी घेतली असती, तर 150 वरून आम्ही थेट 300 च्या पुढे गेलो असतो. सोलरचा खरा फायदा इथे आहे. पण बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरलं. त्याहून मोठा संच बसवला तरी घरगुती ग्राहकाला ते वाढत नाही.

एका विक्रेत्याने आम्हाला सांगितलं होतं, "मॅडम, लाईट गेली तरी तुमची गाडी चार्ज होणार." साफ चूक! लाईट गेली की साधा सोलर इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. कारण आपली वीज लाईनवर जात राहिली तर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. हे ऐकल्यावर वर्गात एकदम शांतता झाली, कारण एका मुलाचे वडील वायरमन आहेत. लाईट गेल्यावरही चार्जिंग हवं असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, आणि तो बराच महाग पडतो. आमच्याकडे तो नाही. परीक्षेच्या काळात मी गाडी कधीच निम्म्याखाली जाऊ देत नाही.

गाडीसाठी 15 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट घ्या, जाड वायर आणि चांगलं अर्थिंग करून. एक्स्टेंशन बोर्डवर कधीही लावू नका, तासन्‌तास तेवढा भार तो सोसत नाही.

रविवारी मात्र मी गाडी दुपारी बाराला लावते. तेव्हा छतावरची वीज खरोखर गाडीत जाते. ढग आला की पॅनलची वीज कमी होते आणि तेवढी लाईनवरून येते, गाडीला पत्ताही लागत नाही.

उपक्रम : ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊ वाजता मोठ्यांच्या मदतीने मीटरवरचे दोन्ही आकडे वहीत लिहावेत. आठवडाभर लिहा. ढगाळ दिवसापुढे ढगाचं चित्र काढा. सोमवारी वह्या घेऊन या, आपण फळ्यावर वजाबाकी करू.